दैव पाचवं

आईला कुठलीही अडचण सांगितली की तिचं उत्तर ठरलेलं असतं. "देवावर भार टाक आन् झोप." तिचं वय आता 72. वडील गेले तेव्हा, कॅनॉलला पाणी आलं नाही आणि उभा ऊस वाळला तेव्हा, बहिणीचं बाळंतपण अडलं तेव्हा तिनं स्वतः तेच केलं, आणि खरोखर झोपली. तिच्या त्या झोपेचा मला हेवा वाटत आला आहे. पण मी गाड्या दुरुस्त करतो. गेली 31 वर्षं माझा दिवस गाडीखाली उताणं पडून जातो. 'भार' हा शब्द कानावर आला की माझ्या डोळ्यांपुढे देव येत नाही, इंजिनाचं चेंबर येतं, नाकापासून वीतभर अंतरावर, थेंब थेंब तेल गाळणारं.

म्हणून आईचं वाक्य मला कधी नुसता दिलासा वाटला नाही. दीड टनाची गाडी वर टांगलेली आहे आणि तिच्याखाली माझ्याकडं शिकायला आलेला 19 वर्षांचा पोरगा उभा आहे. अशा वेळी देवावर भार टाकायचा म्हणजे हातानं नेमकं काय करायचं? कुठला भार टाकायचा आणि कुठला टाकायचा आपल्याला हक्कच नाही?

रस्ता रुंद झाला त्यात माझं जुनं गॅरेज गेलं. नवी जागा घेतली होती, पण तिथं भिंती उभ्या राहायला वर्ष तरी लागणार होतं. तोवर लोणंदमध्येच कांद्याची एक रिकामी वखार भाड्यानं मिळाली. वर पत्रे, त्याखाली लोखंडी कैच्या, कांद्याला वारा लागावा म्हणून बाजूंना जाळी, आणि खाली कोबा. करार 11 महिन्यांचा. जुन्या जागेत गाडीखाली उतरायला खड्डा होता, इथं तो खणायची सोय नव्हती. दोन खांबांची 4 टनी लिफ्ट मी नव्या जागेसाठी आधीच कर्जावर घेऊन ठेवली होती, तिचे हप्ते सुरू झाले होते. ती आता इथंच उभी करावी असं ठरवलं. कैचीखाली 13 फूट उंची होती, उंच गाडीसुद्धा मावली असती. बोल्ट न मारता ठेवता येणारी, कात्रीसारखी उघडणारी लिफ्टही मी पाहून आलो. पण ती गाडीच्या पोटाखालचीच जागा अडवते, गिअरबॉक्स उतरवता येत नाही, आणि माझं निम्मं काम गिअरबॉक्सचं.

लिफ्ट घेऊन आलेला माणूस कोब्यावर टाच आपटून म्हणाला, "चांगला आहे की. 12 भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, दोन तासांचं काम." वखारीचे मालक, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तेही तिथंच होते. मी जमीन तपासायचं म्हणालो तर म्हणाले, "अकरा महिन्यासाठी कशाला एवढा जीव काढतोस? जाताना उपटायचंच हाय."

त्यांच्या म्हणण्यात दुष्टपणा काही नव्हता. आपण सगळेच असा विचार करतो. भाड्याच्या घरात खिळा ठोकताना हात आखडतो, दोन दिवसांच्या मांडवाची वायर उघडीच सोडतो. देह क्षणभंगुर, संसार चार दिवसांचा, हे ऐकत आपण मोठे होतो, आणि त्यातून नकळत एक चुकीचा अर्थ काढतो, की जे टिकणार नाही ते नीट करायची गरज नाही. कोणत्याही संतानं हे शिकवलेलं नाही. उलट सगळं जाणारं आहे हे ज्यांना पक्कं कळलं होतं, त्यांच्या हातची कामं बघावीत.

मी त्या लिफ्टवाल्याला थांबवलं आणि कोपऱ्यात एक भोक पाडून बघितलं. सुरुवातीला करडी पूड निघाली. अडीच इंचावर ड्रिल एकदम भसकन आत गेलं, आणि बाहेर काढलं तर टोकाला ओली काळी माती चिकटलेली. खाली सोलिंग नाही, मुरूम नाही. कांद्याच्या पोत्यांसाठी घातलेला कोबा तो, पोती त्यावर सुखानं राहिली असती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या लिफ्टच्या पुस्तकात किमान 6 इंच जाडीचं एम-25 काँक्रीट मागितलं होतं.

लिफ्टचा खांब बघून लोकांना वाटतं, भार सरळ खाली जमिनीत जातो. तो तसा जात नाही. गाडी दोन खांबांच्या मध्ये, लांब हातांवर असते. पाण्यानं भरलेली घागर हात लांब करून धरली तर आपण जसे पुढं ओढले जातो, तसा प्रत्येक खांब आतल्या बाजूला ओढला जातो. त्याला पडू देत नाहीत ते पायाशी असलेले बाहेरच्या बाजूचे बोल्ट. ते सतत वर उपटले जात असतात, आणि त्यांना धरून असतं ते फक्त भोवतालचं काँक्रीट. काँक्रीट पातळ असेल तर बोल्ट आपल्याबरोबर त्याचा शंकूसारखा लचका घेऊन बाहेर येतो. अडीच इंचाच्या कोब्यावर पहिल्या दिवशी गाडी कदाचित उचलली गेली असती. दहाव्या दिवशीही. आणि तेवढ्यानं आम्ही म्हणालो असतो, देवाच्या कृपेनं चांगलं चाललंय.

मी 17 वर्षांचा असताना एका गॅरेजात काम शिकत होतो. माझ्याबरोबर एक पोरगा होता, माझ्याहून वर्षानं लहान. एका दुपारी तो जॅकवर घेतलेल्या गाडीखाली सायलेन्सर सोडवत होता. लोखंडी स्टँड नव्हते, आधाराला दोन विटा होत्या. जॅक तिरका झाला, गाडी विटांवर आली. भाजलेली माती वाकून आधी इशारा देत नाही, एकदम फुटते. आम्ही पाच जणांनी गाडी उचलली. तो दवाखान्यात पोचायच्या आधी गेला.

त्या दिवशी आणि पुढं तेराव्यापर्यंत एकच वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलं की ते मला अजून रात्री ऐकू येतं. "त्याची वेळ आली होती." उस्ताद म्हणाले, शेजारचे म्हणाले, शेवटी त्याची आईही म्हणाली. तिनं म्हटलं त्याबद्दल मला काही बोलायचं नाही, तिला त्या शब्दाशिवाय जगता आलं नसतं. पण उस्तादांच्या तोंडी तेच वाक्य केरसुणीसारखं होतं. चौदाव्या दिवशी गॅरेजात नारळ फुटला, शांती झाली, आणि त्याच संध्याकाळी त्याच जॅकवर दुसरी गाडी चढली. खाली आम्हीच. मीही गेलो. आणि पुढं स्वतःचं गॅरेज काढल्यावर घाईच्या दिवशी मीही लाकडाचे ठोकळे आणि जॅक यांच्या भरवशावर पोरांना खाली पाठवलं आहे, एकदा नाही, अनेकदा. कुणाला काही झालं नाही. ती माझी पुण्याई नव्हती.

बरीच वर्षं मला या गोष्टीतलं नेमकं काय खुपतं ते सांगता येत नव्हतं. देवाला दोष द्यावा असं वाटत नव्हतं, आणि वेळ आली होती हेही गिळता येत नव्हतं. मग आमच्याकडच्या सप्ताहात एका बुवांच्या तोंडून गीतेच्या 18व्या अध्यायातला विषय निघाला. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथं सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. चेष्टा म्हणजे आज आपण म्हणतो ती थट्टा नव्हे, हालचाल, खटपट. करणं म्हणजे साधनं. अधिष्ठान म्हणजे कर्म ज्याच्या आधारावर घडतं ते. बुवांनी त्याचा अर्थ देह असा सांगितला, तोच परंपरेतला अर्थ आहे. मी मात्र मांडी घालून बसल्या जागी ताठ झालो. ते दोन विटांचे तुकडे माझ्यासमोर आले.

अधिष्ठान होत्या त्या दोन विटा. कर्ते आम्ही. करण एक झिजलेला जॅक. चेष्टा म्हणजे उतारावर, चाकांना अडण न लावता केलेली घाई. या चार ठिकाणी आम्ही होतो, आमचे हात होते, आणि या चारही ठिकाणी कसूर होती. आणि आम्ही मोजायला सुरुवात केली ती पाचव्यापासून. गीतेनं दैव नाकारलेलं नाही. पण ते पाचवं ठेवलं आहे. आधीची चार माणसानं पार पाडावीत म्हणूनच ते शेवटी आहे, असा दावा मी पंडितांपुढं करणार नाही. माझ्या धंद्याला मात्र तोच क्रम लागू पडतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली, ती याहून जड आहे. आपण म्हणतो, त्याच्या प्रारब्धात होतं. पण त्याच्या प्रारब्धात ते आलं कुठून? त्याचं प्रारब्ध आम्ही त्या दुपारी आमच्या हातांनी रचत होतो. माझी आजची हलगर्जी दुसऱ्याच्या उद्याच्या नशिबात जाऊन पडते. माझ्या बोल्टाचा सैलपणा त्या 19 वर्षांच्या पोराच्या कपाळावर लिहिला जातो, आणि लिहिणारा मी असतो. मग त्याचा भार देवावर टाकायला मी कोण? स्वतःच्या जिवाचा भार माणसानं खुशाल देवावर टाकावा, तो त्याचा आणि देवाचा व्यवहार आहे. दुसऱ्याच्या जिवाचा भार असा परस्पर टाकता येत नाही. तो आधी आपल्याला पेलावा लागतो.

अण्णांना मी हे असं सांगितलं नाही. म्हटलं, स्लॅब माझ्या खर्चानं घालतो, जाताना तो तुमचाच. ते बराच वेळ जमिनीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुझं तू बघ. पर उंचवटा नगं वर यायला, कांदा नीट पसरला पायजे." तेवढी परवानगी मला पुरली.

कोबा 14 फूट बाय 6 फूट कापला. काळी माती उपसत 3 फूट खाली गेलो तेव्हा पिवळट मुरूम लागला, पहार मारली की खणकन वाजणारा. त्यावर मुरूमच भरून पाणी मारत थरथरानं धुमसला, दगडी सोलिंग, वर साधं काँक्रीट, आणि त्यावर 1 फूट जाडीचा सलग स्लॅब, दोन्ही खांबांखाली मिळून एकच. सार्वजनिक बांधकामातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या इंजिनिअरांनी आडव्याउभ्या 12 मिलिमीटरच्या सळयांची जाळी वर आणि खाली, दोन थरांत बांधायला सांगितली. माझी एकच हुशारी अशी की काँक्रीट ओतायच्या आधी लिफ्टच्या पायाच्या पट्टीचा पुठ्ठ्याचा नमुना कापून जाळीवर ठेवला, आणि जिथं बोल्ट येणार तिथून सळया बाजूला सरकवून घेतल्या. नाहीतर पुढं ड्रिल सळईवर जाऊन अडतं आणि मग माणूस भोक चार बोटं सरकवतो, तिथून चुकायला सुरुवात होते.

स्लॅब पडला आणि खरी परीक्षा आली, 28 दिवसांची. एम-25 म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट. सातव्या दिवशी ते वरून दगडासारखं दिसतं, पण ताकद दोनतृतीयांशाच्या आसपासच आलेली असते. डोळ्यांना कळत नाही, टाच आपटून कळत नाही. मी कडेनं मातीचे बांध घातले, पाणी साठवलं, पुढं गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ भिजवत राहिलो. भाडं चालू, हप्ता चालू, गिऱ्हाइकं दुसरीकडं जात होती. माझ्याकडं शिकणाऱ्या दोघा पोरांतला थोरला दहाव्या दिवशी म्हणाला, "उस्ताद, वाळलाय की आता." मी त्याला सांगितलं की काँक्रीट वाळत नाही, ते पाण्याबरोबर आतून घट्ट होत जातं, वाळलं तर कच्चं राहतं. त्याचा चेहरा बघून मला माझी 17 वर्षांची घाई आठवली.

पंधराव्या दिवशी माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंदला मुक्कामाला आली. गाव दिसेनासं झालं, नुसते तंबू आणि राहुट्या. आमच्या आवारात एका दिंडीचा ट्रक लागला. त्याचं ब्रेकचं काम करत मी बाहेर, जॅक आणि जाड लोखंडी स्टँडवर होतो. पलीकडं एक म्हातारे वारकरी तंबूच्या खुंट्या ठोकत होते. पाच-सहा घावांत खुंटी बसली होती, तरी ते घण उचलतच होते, खुंटी कलती, दोरीच्या उलट्या दिशेनं झुकवून, जमिनीत पार डोकं जाईपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला ती उपटायची होती. मी म्हटलं, "बाबा, बास झालं की, उद्या तर निघायचं." त्यांनी घाम पुसला. म्हणाले, "वाऱ्याला काय ठावं माऊली, आपला मुक्काम एका रातीचा हाय त्ये?"

मी गुडघ्यावर बसलो होतो तिथूनच त्यांना हात जोडले. देह चार दिवसांचा आहे हे त्या माणसाइतकं कुणाला पटलेलं असणार? वर्षातले अठरा-वीस दिवस रोज घर बांधून रोज मोडणारा माणूस तो. आणि त्याची खुंटी माझ्या गावातल्या कित्येक कायमच्या कुंपणांहून पक्की होती. त्या तंबूत पंचवीस बायामाणसं झोपणार होती, म्हणून.

पालखी पंढरीला गेली, एकादशी झाली, आणि मग माझे 28 दिवस भरले. पंढरीच्या देवाबद्दल मला एक गोष्ट नेहमी वाटत आली आहे. तो विटेवर उभा आहे, आणि मला या जगात सगळ्यात जास्त भीती वाटते ती गाडीखालच्या विटेची. पण ती वीट आली कशी ते आठवावं. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता. हातातलं काम टाकून तो धावला नाही. उभं राहायला वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. देव थांबला, अठ्ठावीस युगं थांबलाय अशी आपली श्रद्धा. दोन म्हाताऱ्या जिवांची सेवा अर्धी सोडून केलेलं स्वागत देवाला नको होतं, असं मी त्या गोष्टीतून घेतो. माझ्या हाती दोन पोरांचे जीव. त्यांचं काम पुरतं होईपर्यंत माझाही नारळ थांबेल, हे मी ठरवून टाकलं.

खांब उभे करायला क्रेन आणली. ओळंबा लावला, पाणसळीनं दोन्ही पायांची पातळी बघितली, एका खांबाखाली दोन पोलादी पट्ट्या द्याव्या लागल्या. पोरांना वाटत होतं खांब वखारीच्या कैचीला बांधून आणखी पक्का करावा. मी नाही म्हटलं. वादळात पत्र्याचं छप्पर हलतं, ते हलणं लिफ्टला लागता कामा नये. लिफ्टनं आपल्या पायावरच उभं राहायला हवं. मग भोकं पाडली, एकेक भोक फुंकून, ब्रशनं साफ करून पुन्हा फुंकलं, कारण आत पूड राहिली तर बोल्टाची पकड त्या पुडीला बसते, काँक्रीटला बसत नाही. 12 बोल्ट टॉर्क रेंचनं पुस्तकातल्या आकड्यापर्यंत आवळले. रेंचचा 'टक्' असा आवाज आला की मी मोठ्यानं आकडा म्हणायचो आणि थोरला पोरगा वहीत लिहायचा. बारावा टक् झाल्यावर कुणी काही बोललं नाही.

पहिल्यांदा रिकामी लिफ्ट खालीवर केली, दहा वेळा. मग माझीच गाडी घेतली, गिऱ्हाइकाची नाही. फूटभर उचलून बंपरला धरून हलवली. उतरवून बोल्ट पुन्हा तपासले. मग डोक्याच्या वर नेली.

या यंत्रातली एक गोष्ट मला शास्त्राइतकी मोलाची वाटते. गाडी उचलतं ते तेल. मोटर फिरते, तेल दाबानं सिलिंडरमध्ये जातं, गाडी सरसर वर येते. बघणाऱ्याचं मन त्या उचलण्यावर भाळतं. पण तेलावर लटकलेल्या गाडीखाली कधीही जायचं नसतं. एखादं सील गेलं, नळी फाटली, की तेल आलं तसं जातं. वर जाताना खांबाच्या आत खटके पडत असतात, खट्, खट्, खट्. हव्या त्या उंचीला गेल्यावर गाडी पुन्हा थोडी खाली सोडायची, दोन्ही बाजूंचे खटके खाचेत बसेपर्यंत. आता भार तेलावर नाही, पोलादावर आहे. उचलणं वेगळं आणि धरणं वेगळं. धर्म हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थच धरणं. भजनात अंगावर काटा येतो, मन वर उचललं जातं, तेही खरं असतं, पण त्यावर टांगून राहता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी बघत नसताना माणूस काय करतो, तो खटका.

आणि एवढं सगळं करूनही पाचवं कारण उरतंच, हे मला विसरून चालणार नाही. पोलादाच्या जोडाच्या पोटात एखादा बुडबुडा असेल, जो मला दिसणार नाही. वायररोपचा एखादा तंतू आतून तुटलेला असेल. गाडीचं इंजिन उतरवलं की तोल मागं जातो, हे माहीत असून मी एखाद्या दिवशी मागं आधार लावायला विसरेन, कारण घरी आई आजारी असेल. माणसाच्या हाताबाहेरचं एवढं शिल्लक राहतं की गर्वाला जागा नाही. तेवढी जागा देवाची, आणि ती लहान नाही. चार कारणं जिवाच्या आकांतानं पुरी केल्यावर पाचव्यापुढं उभं राहिलो तेव्हा मला पहिल्यांदा आईसारखे हात जोडता आले. त्याआधी जोडलेले हात मागणीचे होते, किंवा झाकपाकीचे.

गाडी रात्रभर खटक्यांवर वर ठेवली. खाली कुणी जायचं नाही म्हणून दोरी बांधली. सकाळी लिफ्टच्या दोन्ही बाजूंच्या हातांची उंची मोजली, तीच होती. मग आधी मी एकटा खाली गेलो. पोरं दोरीपलीकडं उभी. मी वर बघितलं, चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सर, सगळं उजेडात आणि माझ्यापासून हातभर वर. 31 वर्षांत गाडीचं पोट मी खड्ड्यात न उतरता उभ्यानं कधी बघितलं नव्हतं. मला तो पोरगा आठवला. सायलेन्सरचा तोच नट, तसाच गंजलेला.

त्यानंतर नारळ फोडला. आईला मुद्दाम आणलं होतं. तिनं खांबाला हळदकुंकू लावलं, वर टांगलेल्या गाडीकडं बघितलं आणि विचारलं, "ह्ये कशावर हाय?" मी तिला खटका दाखवला, खाली बोल्ट दाखवले, बोल्टाखाली काय काय आहे ते सांगितलं. तिनं पायातली चप्पल काढून स्लॅबवर अनवाणी पाय टेकवला, जरा वेळ तशीच उभी राहिली. "थंड हाय," म्हणाली.

आता रोज सकाळी पोरं आल्यावर पहिलं काम ठरलेलं आहे. 12 बोल्ट बघायचे, वायररोपवर फडकं फिरवायचं म्हणजे तुटलेला तंतू असेल तर धागा अडकतो, लिफ्टच्या हातांचे दात अडकतात का ते हलवून बघायचं, रबरी पॅड बघायचे. वहीत तारीख आणि सही. संध्याकाळी आई हरिपाठ म्हणते, त्यात तिनं एकही दिवस खाडा केलेला नाही. वहीतही खाडा नाही. खंडेनवमीला पान्ह्यांबरोबर ती वहीही पूजेत मांडली होती, धाकट्या पोरानं आपणहून.

फाल्गुन लागला आहे. करार संपायला थोडे दिवस उरले, नव्या जागेतला स्लॅब माघातच पडला, त्याचे 28 दिवस परवा भरतील. लिफ्ट निघेल, खांब निघतील, पण बोल्ट काँक्रीटमधून सुटे निघणार नाहीत, ते तिथंच राहतील. अण्णा म्हणाले राहू देत, काय बिघडतंय. गरवा कांदा यायला लागला की इथं निवडायला बायका बसतील, दिवस दिवस, अनवाणी, मांडी घालून, लुगड्याचा पदर जमिनीला लागलेला. मी ग्राइंडर काढून ठेवला आहे. बाराही बोल्ट स्लॅबबरोबर सपाट कापायचे, वर सिमेंटचा हात फिरवायचा, आणि मग अण्णांच्या हातात किल्ली द्यायची.